सूर्यफूल कापायची घाई

आमच्या वारज्यात गच्चीवर, सोसायटीच्या कुंपणालगत हौसेनं सूर्यफूल लावणारी मंडळी आहेत. बी थेट जागेवर टोचायचं, रोप हलवायचं नाही, हे त्यांना मी सांगायला नको. मला बोलायचंय ते पुढचं. पिवळ्या पाकळ्या जरा मलूल झाल्या की आपण कात्री घेऊन धावतो. कृपा करून धावू नका.

आपण ज्याला एक फूल म्हणतो ती शेकडो फुलांची पंगत असते. कडेच्या पाकळ्या हे नुसतं तोरण. तिथं दाणा धरत नाही. खरी पानं मांडलेली असतात मधल्या चकतीत. ती बारीक फुलं बाहेरच्या रांगेकडून आत, रोज थोडी थोडी उमलतात, आणि आठवडाभर वाढणं चालू असतं. पाहुण्या मधमाश्या. त्या जेवता जेवता पराग इकडचा तिकडे नेतात, म्हणून दाणा भरतो. एरवी पोचट टरफलंच फार. तोरण सुकलं म्हणून चालू पंगतीत मांडव सोडतं का कुणी?

पुण्यात १९६२पासून केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आहे, आणि तरी आपण फुलावर माशी दिसली की फवारा शोधतो! लातूरकडचा शेतकरी माश्या कमी पडल्या तर सकाळी हाताला मऊ कापड गुंडाळून एकेका फुलावरून फिरवतो. तुमच्या चार झाडांना ते सहज जमेल.

जागेचंही सांगतो. कळी सूर्यामागे फिरते. पूर्ण उमललेलं फूल मात्र पूर्वेकडे तोंड करून थांबतं. ते सकाळी लवकर तापतं आणि माश्या तिथं जास्त येतात. म्हणून अंगणाच्या पश्चिम कडेला लावा, म्हणजे फुलं तुमच्याकडे बघतील.

पण मुद्दा तोच, पुन्हा सांगतो: पाकळ्या गळाल्या तरी कापू नका. दाणा भरायला त्यानंतरही तीनेक आठवडे हवेत. फुलाची पाठ हिरव्याची पिवळी होऊ द्या. मग दुसरी पंगत बसते, पोपटांची. त्यांना हाकलू नका हो. सगळ्या फुलांवर जाळी कशाला? बियाण्यापुरतं एखादं फूल कापडात बांधा, बाकीची त्यांना असू द्या. आणि बियाणं संकरित असेल तर घरचा दाणा पेरून तसंच झाड येईल असं धरू नका. त्याचं कारण असं की... पण स्टुडिओच्या खिडकीपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली आहे. ते पुढच्या वेळी.