धंद्याची पाच अंगे आणि आपली खतावणी

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त दिलेले व्याख्यान)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना वंदन करून मी विषयाला सुरुवात करतो. संयोजकांनी विषय दिला आहे, ‘व्यवसायातील प्रमुख विभाग व त्यांचा परस्पर मेळ’. विहारात ही धंद्याची भाषा कशाला, असे कुणाच्या मनात येईल. तर सांगतो, ही भाषा विहाराला नवीन नाही. अंगुत्तर निकायात भगवंतांनी दुकानदाराचे तीन गुण सांगितले आहेत. पहिला, त्याला डोळा असतो: कोणता माल केवढ्याला घ्यावा, केवढ्याला विकावा, मूळ किती आणि नफा किती, हे त्याला दिसते. दुसरा, तो घेण्यात आणि विकण्यात कुशल असतो. आणि तिसरा, त्याच्यावर लोकांचा विश्वास असतो, म्हणून पैसेवाले त्याला भांडवल देतात. अडीच हजार वर्षांपूर्वी हिशेब, खरेदी-विक्री आणि भांडवल ही तिन्ही अंगे भगवंतांनी एका माणसात एकत्र पाहिली.

आता आपल्याकडे पाहू. बलुतेदारीत आपल्या वाडवडिलांनी गावाचे काम केले. वेशीची राखण केली, सांगावे पोचवले, मेलेली गुरे ओढली. पण त्या कामाचा भाव त्यांनी ठरवला नाही, आणि गावाचे दप्तर होते कुलकर्ण्याकडे. म्हणजे काम आपले, खतावणी दुसऱ्याची. पुढे गिरणी, गोदी, रेल्वे आणि नगरपालिका यांनी आपली घरे जगवली. तिथेही आपल्या हाती मुख्यतः काम आले. विक्री आणि हिशेब वरच्या मजल्यावर राहिले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. सरकारी नोकऱ्याही पूर्वीसारख्या निघत नाहीत. म्हणून आपला तरुण आणि आपली भगिनी आज धंद्याकडे वळते आहे. कामाला आपण कुणाला हार जाणार नाही. अडते ते बाकीच्या अंगांत.

ही अंगे पाच. खरेदी, उत्पादन, विक्री, हिशेब आणि माणसे. मोठ्या कारखान्यात प्रत्येकाला वेगळा विभाग, वेगळा साहेब असतो. आपल्या धंद्यात एकच ताई पाचही विभाग सांभाळते. पण एक माणूस करतो म्हणून कामे पाचाची एक होत नाहीत, हे लक्षात घ्या.

समजा, दहा भगिनींचा बचत गट आहे आणि तो मसाला करतो. नवी मिरची बाजारात येते उन्हाळ्याच्या तोंडाला. तेव्हा पैसा हाताशी असेल तर वर्षाची मिरची घेता येते. नसेल तर पावसाळ्यात किराणा दुकानातून किलो-किलोने, चढ्या भावाने. म्हणजे खरेदी ही हिशेबाच्या पेटीवर अवलंबून. दहा किलो मिरची आणली, वाळवली, देठ काढले, की ती दहा किलो राहत नाही. ही घट, कांडपाची मजुरी, पिशवी, रिक्षाभाडे आणि आपला स्वतःचा रोज, हे सगळे धरल्याशिवाय विक्रीचा भाव ठरत नाही. पुष्कळ ठिकाणी आपला रोज धरलाच जात नाही. “घरचंच काम आहे हो,” म्हणतात. तो नफा नव्हे, ती फुकटची मजुरी झाली.

आता गटाला एका कॅन्टीनची ऑर्डर आली. १०० किलो, भाव ५०० रुपये, म्हणजे ५०,००० रुपये. सगळ्यांना आनंद! माल आणि कांडप ३८,००० रुपये, मजुरी ६,००० रुपये, नफा ६,००० रुपये. कागदावर धंदा उत्तम. पण पेटीत आहेत २०,००० रुपये, आणि कॅन्टीनवाला पैसे देणार दोन महिन्यांनी. कमी पडले २४,०००. ते सावकाराकडून आणले, महिना शेकडा दहा व्याजाने. दोन महिन्यांचे व्याज ४,८०० रुपये. नफा उरला १,२००. कॅन्टीनवाल्याने आणखी एक महिना लावला, की व्याज ७,२०० आणि गट १,२०० रुपयांनी तोट्यात. मसाला चांगला, गिऱ्हाईक मिळाले, काम वेळेवर झाले, तरी तोटा! का? तर विक्रीने ऑर्डर घेताना पेटीला विचारले नाही.

यावर उपाय होता. ऑर्डर घेण्याआधी पाचही अंगांनी एकत्र बसायचे. माल २५-२५ किलोच्या चार हप्त्यांत द्यायचा आणि प्रत्येक हप्त्याचे पैसे माल पोचताच घ्यायचे. एका हप्त्याला ११,००० रुपये लागतात, ते पेटीत आहेत. सावकाराची पायरी चढायची गरज नाही. शिवाय लहान उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. ‘उद्यम’ नोंदणी असेल, तर घेणाऱ्याने मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत, उशीर केला तर व्याज द्यावे लागते. पण त्यासाठी बिल हवे, चलन हवे, तारीख हवी. म्हणजे हिशेब चोख असेल तरच कायदा आपल्या मदतीला येतो.

दुसरे उदाहरण बाबासाहेबांच्या कार्यातले. वर्तमानपत्र चळवळीचे असले, तरी कागद, छपाई आणि टपाल यांना पैसे पडतातच. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. भांडवलाला छत्रपती शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली. पण पैसे मोजायची तयारी असूनही ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात छापली नाही. म्हणजे विक्रीच्या दारालाच कडी! त्याच वर्षी बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १९२३ मध्ये पत्र बंद पडले. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ निघाले. मदतनीस ठेवायला पैसा नव्हता, म्हणून रकानेच्या रकाने बाबासाहेबांनी एकट्याने लिहून काढले. वर्गणीदार मात्र पुरेसे मिळाले नाहीत. १९२९ मध्ये तेही थांबले. १९३० मध्ये ‘जनता’ सुरू झाले, त्याच्या पाठीशी स्वतःचा भारत भूषण छापखाना होता. ते टिकले, आणि १९५६ मध्ये त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले.

बंधू-भगिनींनो, यातून काय घ्यायचे? बाबासाहेबांच्या लेखणीसारखे ‘उत्पादन’ असूनही वर्गणी आली नाही, तेव्हा पत्र थांबले. मग नुसत्या चवीवर आपला मसाला कसा उभा राहील? आणि दुसरी बाजू आपल्या सगळ्यांची. आपल्या माणसाकडून माल घेऊन “देतो नंतर” म्हणणारा त्याच्या धंद्याची एक शीर कापतो.

पाचवे अंग माणसांचे. सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत: ताकद पाहून काम द्यावे, वेतन व अन्न द्यावे, आजारात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुटी द्यावी. त्याच सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक उपभोगाला, दोन पुन्हा धंद्यात, आणि एक अडीअडचणीसाठी राखून. आपण बहुधा उलटे करतो, लग्नकार्यात धंद्याची मिरची खर्ची पडते! आणि शस्त्रे, माणसे-प्राणी, मांस, दारू, विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, हेही भगवंतांनी स्पष्ट सांगितले आहे.

शेवटी भांडवल. आपल्या वस्तीत सावकार शेजारी आहे, श्रीमंत मित्र नाही. त्यासाठी बचत गट आहेत, बँका आहेत, १९७८ पासून महात्मा फुले महामंडळ आहे. पण तिथेही पहिला प्रश्न एकच असतो, हिशेबाची वही कुठे आहे?

म्हणून विनंती करतो. घराची वही वेगळी, धंद्याची वेगळी ठेवा. रोज संध्याकाळी पाच मिनिटे लिहा. रविवारी वंदनेनंतर गटाने याच विहारात बसून पाच प्रश्न विचारावेत: काय घेतले, काय केले, काय विकले, किती वसूल झाले, कुणाचा रोज राहिला? पिढ्यान्‌पिढ्या आपली खतावणी दुसऱ्याच्या हातात होती. बाबासाहेबांनी आपल्याला लेखणी दिली आहे. ती खतावणीवरही चालवू या.

जयभीम! नमो बुद्धाय!