दुसऱ्याचे घर बांधताना
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या दिवशी एखाद्या विद्वान वक्त्याला बोलावण्याची आपली प्रथा. यंदा समितीने हे काम आमच्यावर टाकले. आम्ही साधे शाळामास्तर. मोठा विषय आमच्याने पेलायचा नाही. म्हणून आपल्या वस्तीतल्या एका माऊलीने विचारलेला प्रश्नच आज आपल्यापुढे ठेवतो.

तिची मुलगी शिष्यवृत्तीवर परदेशात शिकते आहे. आपल्या सगळ्यांनाच तिचा अभिमान आहे. तिच्या कॉलेजची मुले सुटीत दोन आठवडे आणखी एका गरीब देशात घरे बांधायला जाणार आहेत. प्रवासाचा खर्च ज्याचा त्याने करायचा. आई म्हणाली, "गुरुजी, पोरीले पाठवाव का नाही? एवढ्या तिकिटाच्या पैशात तर इथंच एखाद्याचं छप्पर होते." प्रश्न साधा वाटतो, पण आम्ही त्यावर बरेच दिवस विचार करीत होतो.

दूरदेशी जाऊन घर बांधण्याची ही चाल आजची नाही. पहिले महायुद्ध संपल्यावर, १९२० साली, पिएर सेरेसोल नावाचे एक स्विस इंजिनियर काही मित्रांना घेऊन फ्रान्समधल्या व्हर्दूनजवळ एका उद्ध्वस्त खेड्यात गेले आणि घरे उभारू लागले. त्यांच्यात जर्मन तरुणही होते. म्हणजे ज्यांच्या देशाच्या तोफांनी ते गाव पाडले, त्याच देशाची मुले तिथे राबत होती. जुने वैर इतक्या लवकर कसे जाणार? काही महिन्यांत काम थांबवावे लागले. पण त्यातूनच 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संघटना उभी राहिली. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात भयंकर भूकंप झाला, तेव्हा हेच सेरेसोल तिथे आले आणि मुझफ्फरपूरच्या भागात नवी घरे उभारण्याच्या कामात लागले.

आता आपल्या जिल्ह्यात या. तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत आणि गडचिरोली त्यातच होते. वेगळा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी काही कुष्ठरोग्यांना सोबत घेऊन आनंदवन सुरू केले होते. बाबा गांधीविचाराचे, आपला मार्ग बाबासाहेबांचा. पण ज्या वकिलाने वरोऱ्यात मैला वाहणाऱ्यांची संघटना बांधली आणि स्वतः डोक्यावर मैला वाहिला, त्याचे काम आपण परके का मानावे? १९५४ साली या आनंदवनात त्याच संघटनेचे सुमारे पन्नास तरुण-तरुणी कितीतरी देशांतून आले. तीन महिने राहिले. रुग्णांबरोबर माती खणली, दवाखान्यासाठी इमारती बांधल्या.

त्याआधी आनंदवनाची भाजी, आनंदवनाचे दूध म्हटले की गावातले लोक हात आखडत. रोग लागेल ही भीती. पण ही गोरी मुले रुग्णांच्या शेजारी बसून, त्यांनी पिकवलेलेच खातात हे वरोऱ्याच्या लोकांनी पाहिले, तेव्हा ती भीती सैल होऊ लागली. आम्हाला विचाराल तर त्या तीन महिन्यांतली खरी बांधणी हीच. भिंत काय, आपला गवंडीही त्यांच्यापेक्षा सरळ घालतो. पण पंगतीत त्या रुग्णाशेजारी बसायला आपले कोणी तयार नव्हते, ते बाहेरची माणसे बसली.

यानंतर दोनच वर्षांनी, नागपूरच्या धम्मदीक्षेपाठोपाठ १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी याच चांद्यात दीक्षा दिली. आपल्यातल्या पुष्कळ घरांचा धम्म त्या दिवसापासूनचा. तेव्हा शेजारी बसणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

उदानात सुप्पबुद्ध नावाच्या कुष्ठरोग्याची कथा आहे. राजगृहात भगवान उपदेश करीत होते. दुरून गर्दी पाहून सुप्पबुद्धाला वाटले, अन्न वाटताहेत. म्हणून तो जवळ आला. अन्न नव्हते, धम्म होता. एवढ्या सभेतून धम्म समजू शकेल असा माणूस भगवंतांनी पाहिला तो हाच, आणि त्यालाच उद्देशून उपदेश सुरू केला. सगळ्यांनी त्याला भिकारी म्हणून पाहिले. भगवंतांनी समजूतदार माणूस म्हणून पाहिले.

आता स्वतःची एक गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. कॉलेजात असताना आम्ही राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिराला गडचिरोली जिल्ह्यातल्या एका लहानशा गावी गेलो होतो. पावसाळ्यात एका एकट्या गोंड आजीच्या घराची एक बाजू पडली होती. आम्ही मातीच्या विटांची नवी भिंत घातली, नवे दार बसवले. समारोपाला पाहुणे आले, हार झाले, भाषणे झाली, भिंतीपुढे उभे राहून फोटो निघाला.

पुढच्या पावसाळ्यानंतर आम्ही दोघे-तिघे सहज त्या गावी गेलो. पाहतो तो आमची भिंत नाही! आजीच्या भावाने ती पाडून बांबूचा कूड घातला होता, शेणामातीने सारवला होता, आणि दार दुसऱ्या बाजूला होते. आजी म्हणाली, "बापा, तुमी दार पश्चिमेकडं काढलं. पावसाची झड तिकूनच येते." आम्ही म्हटले, "आजी, मग तेव्हाच का नाही सांगितलं?" ती म्हणाली, "तुमी इचारलं कुठं? अन् घरी आलेल्या पाव्हण्यांले नाही कसं म्हनाव?"

मित्रांनो, तेवढेच असते तर हसून सोडले असते. पण त्या सात दिवसांत आजी रोज आमच्यासाठी पाण्याचा गुंड भरून ठेवीत असे, आणि आम्ही ते पाणी पीत नव्हतो. शाळेतून आणलेले आमचे पाणी प्यायचो. मनात म्हणायचो, कोणत्या झऱ्याचे असेल, पोट बिघडेल. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचे पाणी कशासाठी घेतले, हे पाठ असलेली पोरे आम्ही! पाणी उकळून मागता आले असते, आजीशी बोलता आले असते. आम्ही नुसते तोंड फिरवले. आजीला ते दिसले नसेल का?

शिवाय साठ पोरांचा बोजा त्या गावावर. गावात एकच हातपंप. धानाची मळणी चालू, आणि आम्ही बाप्यांना संध्याकाळी व्याख्यानाला बसवायचो. विनयपिटकात आळवीच्या भिक्खूंची गोष्ट आहे. ते स्वतःसाठी कुट्या बांधत आणि लोकांकडे सतत मागत: माणसे द्या, बैल द्या, कुऱ्हाड द्या. लोक इतके कंटाळले की दुरून गाय दिसली तरी भिक्खू आला समजून पळू लागले! तेव्हा भगवंतांनी नियम घातला. कुटी मापातच बांधायची, आणि जागा आधी संघाला दाखवून घ्यायची. अडीच हजार वर्षांपूर्वीचा नियम, पण आमच्या शिबिराला तो कोणी वाचून दाखवला असता तर बरे झाले असते.

विचारून काम करणारी माणसेही आपल्याच भागात आहेत. १९७३ साली डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे भामरागडच्या जंगलात हेमलकसाला गेले, तेव्हा माडिया लोक जवळ यायला तयार नव्हते. आधी त्यांची भाषा शिकावी लागली, मग दवाखाना चालला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' सुरू केली. दवाखाना कसा हवा हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. म्हणून शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांचा आहे, नातेवाईकांना राहायला जागा आहे आणि त्याला नाव दंतेश्वरी मातेचे आहे.

घरांचेही तसेच. २००६ साली लोणावळ्याजवळ 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या संस्थेने शंभर घरांचे काम एका आठवड्यात केले. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर देशोदेशीच्या स्वयंसेवकांबरोबर तिथे राबले. पण त्या संस्थेची रीत अशी की, ज्याचे घर त्याने स्वतःही राबायचे आणि घराचे पैसे हप्त्याने फेडायचे. म्हणजे घरवाला हात पसरून उभा नसतो, तो बांधणाऱ्यांतला एक असतो.

बंधू-भगिनींनो, आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या फेकलेले घेतले. बाबासाहेबांमुळे आज आपल्यातही देणारे तयार झाले. याचा आनंद मोठा आहे, पण इथेच सावध राहायला हवे. देणाऱ्याचा हात वर असतो, आणि वर असलेल्या हाताला माज लवकर चढतो. ज्या नजरेने काल कोणी आपल्याकडे पाहिले, त्याच नजरेने आपण आज पाड्यावरच्या माणसाकडे पाहू लागलो, तर मग आपण दीक्षा घेतली ती कशाची?

त्या माऊलीला आम्ही शेवटी सांगितले, पाठवा. तिकिटाच्या पैशात छप्पर होते हे खरे. पण आनंदवनातली ती मुलेही तिकीट काढूनच आली होती, आणि त्यांनी दिले ते छपराच्या पलीकडचे होते. फक्त मुलीला तीन गोष्टी सांगा. आधी घरवाल्याला विचार, दार कुठे हवे. त्यांच्या पंगतीला बस, त्यांचे अन्न गोड मानून खा. आणि गावाला भार होऊ नकोस. हे जमले तर ती घर बांधून येईल. नाही जमले तर नुसता फोटो काढून येईल.

आणि आपल्या तरुण मंडळाला एक विनंती. येत्या हिवाळ्यात शिबिर घ्यायचे तुम्ही ठरवले आहे, फार चांगले. पण तारीख ठरवण्याआधी तुमच्यापैकी दोघांनी त्या गावी जावे, कोणाच्या तरी ओट्यावर बसावे, मळणी कधी आटोपते ते विचारावे. कोणी पाण्याचा गुंड पुढे केला, तर पाणी उकळून घ्या, गाळून घ्या, पण त्याच घरचे घ्या. आमच्याकडून जे राहून गेले, ते तुमच्याकडून व्हावे.

आजी आता हयात नाहीत. त्यांची माफी मागायची राहिली, म्हणून आज आपल्यासमोर हे बोललो. सर्वांचे मंगल होवो.

जयभीम! नमो बुद्धाय!