पासिगच्या पैलतीरावर



तट, बुरूज, वेस हे शब्द कानी पडताच आपल्या मनात संरक्षणाचा भाव जागा होतो. आज मी ज्या नगराची हकीकत सांगणार आहे, त्याचा तट मात्र संकटकाळी प्रजेचे कवच राहिला नाही. तो तिचा तुरुंग झाला.

फिलिपाइन्समधील मनिला शहराचा जुना गाभा म्हणजे इन्त्रामुरोस. १५७१ साली लेगास्पी या स्पॅनिश सेनानीने मनिलात स्पॅनिश सत्तेचे ठाणे वसविले. पुढे त्याभोवती प्रचंड दगडी तट उभा राहिला. उत्तरेस पासिग नदी वाहते. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी फौजा चालून आल्या, तेव्हा जनरल मॅकआर्थर यांनी नगर वाचावे म्हणून मनिला हे खुले शहर जाहीर केले. १९४५ च्या फेब्रुवारीत तेच मॅकआर्थर विजयी सेना घेऊन परतले. जपानी सरसेनापती यामाशिता यांना शहरात लढाई नको होती. परंतु रिअर ॲडमिरल इवाबुची यांच्या नौसैनिकांनी शहर सोडले नाही. हजारो नागरिकांसह ते तटाच्या आड ठाण मांडून बसले. शरण या, निदान नागरिकांना तरी सोडा, हे अमेरिकन आवाहन अनुत्तरित राहिले.

अमेरिकन सेनानींनी विमानहल्ल्याची अनुमती मागितली. आत मित्रराष्ट्राची प्रजा आहे, या कारणास्तव मॅकआर्थर यांनी ती नाकारली. तोफांना मात्र मुभा होती! दिवसेंदिवस भडिमार चालला. २३ फेब्रुवारीच्या सकाळी तासभर तोफा अखंड धडधडल्या आणि साडेआठच्या सुमारास १२९ व्या पायदळ रेजिमेंटचे सैनिक होड्यांतून पासिग ओलांडू लागले. त्याच वेळी १४५ वी रेजिमेंट पूर्वेकडून आत घुसली. पुढे जपान्यांनी सुमारे तीन हजार नागरिक सोडले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले. पुरुष कोठे होते? सान्तियागो किल्ल्यात सापडलेल्या प्रेतांच्या राशींनी त्याचे उत्तर दिले.

महिनाभराच्या त्या संग्रामात अमेरिकेचे सुमारे एक हजार सैनिक पडले, जपानचे सुमारे सोळा हजार; आणि नागरिक मेले ते अंदाजे एक लाख! काही संगिनींना बळी पडले, काही तोफगोळ्यांना. तटाच्या आतील देवालयांपैकी सान ऑगस्टिन हे एकच चर्च उभे राहिले.

निःशस्त्रांची कत्तल आणि आक्रमकाला हुसकण्यासाठी डागलेली तोफ ही एका तागडीत घालता येत नाहीत, हे मी जाणतो. परंतु घराच्या छपरावर पडणारा गोळा विमानातून आला की तोफेतून, याचा भेद आतल्या मातेला काय होय?

यामाशितांना २३ फेब्रुवारी १९४६ रोजी, त्या हल्ल्यास बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, फाशी झाली. हाताखालच्या सैन्याच्या अत्याचारांची जबाबदारी सेनापतीवर येते, असे न्यायासनाने ठरविले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील दोन न्यायमूर्तींनी मात्र त्या खटल्याच्या रीतीविरुद्ध मत नोंदविले होते. तोफांच्या निर्णयावर कोणतेही न्यायासन बसले नाही.

१९९५ साली इन्त्रामुरोसमध्ये त्या मृत नागरिकांचे स्मारक उभारले गेले. तेथे अश्वारूढ सेनापती नाही, विजयाची पताका नाही. मृत बालक उराशी धरलेली एक माता आहे. मित्रहो, नगर जिंकले की हरले याचा हिशेब मांडताना प्रथम तिला विचारा; नकाशे मागाहून उलगडा.