बिनडिस्कचे संगणक



आमच्या युनियनच्या कचेरीत कामगारांच्या मुलांसाठी संगणकवर्ग चालतो. एका कंपनीने मोडीत काढलेले बारा संगणक दिले, पण हार्ड डिस्का काढून घेऊन. हिशोबाची गुपिते असतात म्हणे! आता डिस्कच नाही, तर यंत्र जागे व्हायचे कसे? आम्ही मॅट्रिकही न झालेले. रात्री वाचून वाचून उमगत गेले.

बटण दाबताच नेटवर्क कार्डातला लहानसा प्रोग्राम साऱ्या जाळ्यावर हाक देतो, "माझा पत्ता कोणता? मी काय चालवू?" डीएचसीपी सर्व्हर पत्ता देतो आणि फाइलीचे नावही सांगतो. ती फाइल टीएफटीपीने ५१२ बाइटांच्या पुड्या बांधून येते; एका पुडीची पोच मिळाल्यावाचून दुसरी सुटत नाही. (इंटेलने पीएक्सई या नावाने ही रीत लिहून प्रसिद्ध केली.) पुढचा सारा संसार सर्व्हरच्याच डिस्कवर.

एके दिवशी बाराही यंत्रे अडून बसली. पडद्यावर एकच तक्रार : फाइलीचे नाव मिळाले नाही. सर्व्हर तर धडधाकट! आमच्याच एका कार्यकर्त्याने मोबाइलसाठी घरचा राउटर त्याच स्विचला जोडला होता. तो पत्ते वाटीत सुटला. फाइलीची त्याला गंधवार्ता नव्हती. हसू आले, मग धास्ती वाटली. इथे ओळख कोणी विचारीतच नाही. दुष्टाने आपली फाइल पुढे केली असती, तर यंत्रांनी तीही चालवली असती.

वर्गाचा स्विच आता वेगळा, कुलपात आहे. किल्ली आमच्याकडे नाही. वर्गातल्या दोन मुली ती सांभाळतात, आणि दर शनिवारी सर्व्हरची नक्कलही त्याच काढतात.