अकरा वाजताची सभा



स्नेहसंमेलनाच्या प्रमुख पाहुण्याची स्थिती मोठी केविलवाणी असते. पडद्यामागे नाटकातल्या मंडळींच्या चेहऱ्यावरचा रंग वाळत आलेला असतो, फिशपाँडची पेटी चिठ्ठ्यांनी तुडुंब भरलेली असते, आणि या दोहोंच्या मध्ये हा मनुष्य हातात कागद घेऊन उभा असतो. मी आपला फार वेळ घेणार नाही, असे आश्वासन देण्याचा शिरस्ता आहे. तो मी पाळते, आश्वासनाचे पुढे पाहू.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यातून निवृत्त झाल्यावर मी बचत गटांच्या एका संघाचे काम पाहू लागले, आणि गेली काही वर्षे बी. एस्सी. नर्सिंगच्या चौथ्या वर्षाचे विद्यार्थी सहा-सहा आठवड्यांसाठी आमच्याकडे येत असतात. इंजेक्शन, ड्रेसिंग, बाळंतपण हे सारे त्यांच्या हातांना अवगत झालेले असते. आमच्याकडे त्यांनी शिकावयाचे असते ते नेतृत्व, आणि हा शब्द सरकारी मजकुरात जितक्या सहजतेने लिहिता येतो तितक्या सहजतेने शिकविता येत नाही. वॉर्डात सिस्टरच्या शब्दाला वजन असते, कारण तिच्या पाठीशी इन्चार्ज सिस्टर, त्यांच्या पाठीशी मेट्रन आणि त्या सर्वांच्या पाठीशी रुग्णालयाच्या भिंती उभ्या असतात. शिवाय सलाईन लावलेला रोगी उठून जाऊ शकत नाही, ही सोय निराळीच. वस्तीत मात्र ज्याला आपले म्हणणे पटले नाही तो पदर किंवा धोतर झटकून सरळ चालू लागतो, आणि तेथे कोणाचाही हुकूम चालत नाही.

अशीच एक विद्यार्थिनी आमच्याकडे आली होती. गावातल्या बायकांच्या रक्तातील हिमोग्लोबिन तपासण्याचा कार्यक्रम तिने स्वतः आखावा, असे ठरले. तिने सुवाच्य अक्षरात तपशील मांडला : स्थळ अंगणवाडी, वेळ सकाळी अकरा. तो कागद वाचताक्षणीच मला कळले की एकही बाई येणार नाही, कारण खुरपणीचे दिवस होते आणि नऊ वाजता सारे गाव शेतात असते. तरी मी तो कागद न बोलता परत दिला. ठरल्या दिवशी ती मुलगी पांढऱ्याशुभ्र कोटात, सुया आणि चाचणीच्या पट्ट्या मांडून, दीड वाजेपर्यंत बसून राहिली, आणि तिच्यासमोर दोन म्हाताऱ्या व एक शेळी एवढीच हजेरी लागली. तिच्या महाविद्यालयातून आलेल्या ट्यूटरबाई माझ्यावर रागावल्या; आपणांस ठाऊक होते तर आपण सांगितले का नाही, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

याचे उत्तर माझ्या एका जुन्या कसुरात आहे. त्यापूर्वी दोन वर्षे एक विद्यार्थी ग्रामसभेत पाण्याच्या टाकीच्या सफाईविषयी बोलत असताना अडखळला, आणि मी, केवळ त्याची कणव येऊन, उठून त्याचे वाक्य पुरे केले. सफाई झाली, ठराव झाला. पण त्या दिवसापासून सरपंचांनी त्या मुलाकडे पाहून एक शब्दही उच्चारला नाही, जे विचारावयाचे ते मला विचारले, आणि उरलेले चार आठवडे तो माझी पिशवी धरणारा गडी होऊन राहिला. कणवेने केलेली ही लूट होती, हे मला फार उशिरा उमगले.

म्हणून शेळीच्या सभेनंतरही मी त्या मुलीला एवढेच विचारले की, उद्या तू कोणाकडे जाणार? ती गटाच्या खजिनदार आक्कांच्या ओट्यावर जाऊन बसली, त्यांच्याबरोबर शेंगा फोडू लागली, आणि गावाच्या दिवसाचे घड्याळ तिने त्यांच्या तोंडून ऐकले. दुसरी सभा रात्री साडेआठला, मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात झाली. बोलावणे आक्कांचे होते, वहीत नावे लिहिणारी आक्कांची सून होती, आणि माझी विद्यार्थिनी कोपऱ्यात बसून फक्त रक्त घेत होती. बायका इतक्या आल्या की पट्ट्या अपुऱ्या पडल्या.

मात्र मौनालाही मर्यादा आहे. वेळेची, जागेची, शब्दांची चूक विद्यार्थ्याला अवश्य करू द्यावी. परंतु औषधाच्या मात्रेत गफलत होत असेल, किंवा गरोदर बाई पाय सुजल्याची आणि डोळ्यांपुढे अंधारी येत असल्याची तक्रार करीत असता विद्यार्थी तिला नुसता आहार सांगत बसला असेल, तर मार्गदर्शकाने त्याच क्षणी मध्ये पडले पाहिजे, मग विद्यार्थ्याचा मान राहो वा न राहो. या दोन प्रकारच्या चुकांतला भेद ओळखणे हाच या कामातला सर्वांत कठीण भाग आहे, आणि तो मला अजून नेहमी साधतोच असे नाही.

शिकणाऱ्याचे काम हिरावून न घेता त्याच्या पाठीशी उभे राहण्याची ही रीत काही नवी नाही. 1859 मध्ये लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन नामक व्यापाऱ्याने आपल्या दिवंगत पत्नीची शुश्रूषा करणाऱ्या मेरी रॉबिन्सन या परिचारिकेला तीन महिन्यांसाठी गरिबांच्या घरोघर पाठविले. महिनाभरात ती रडत परत आली. इतके दैन्य पाहवत नाही, मला या कामातून मोकळे करा, असे तिचे म्हणणे होते. रॅथबोनने तिला मोकळे केले नाही, तिच्याऐवजी दुसरीही नेमली नाही. धीर देऊन मुदत पुरी करावयास लावली, आणि मुदतीअंती हेच काम पुढे चालविण्याची इच्छा तिने स्वतःच दर्शविली. घरोघरच्या परिचर्येची संघटित परंपरा तेथून सुरू झाली. आपल्याकडेही 1909 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी विधवा स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्या शिकावयास पाठविले, तेव्हा त्या मुलींना ज्ञानाइतकीच पाठीशी उभ्या असलेल्या माणसाची गरज होती.

आणि जामखेडचा धडा तर आपल्या घरचाच आहे. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तेथे ग्रामीण आरोग्याचे काम मांडले, तेव्हा शिकलेल्या सहायक परिचारिकांना खेड्यांत नेऊन ठेवण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न रुजला नाही. मग गावांनी आपल्यातल्याच बायका पुढे केल्या, त्यांतल्या पुष्कळ निरक्षर, कित्येक दलित, आणि त्याच आरोग्यसेविका होऊन गावाचा विश्वास संपादन करत्या झाल्या. त्यामुळे परिचारिकेची गरज संपली नाही. तिची खुर्ची मात्र बदलली, ती पुढून मागे आली. माझी विद्यार्थिनी देवळाच्या कोपऱ्यात बसली, ती नकळत याच खुर्चीवर.

आमच्यासारख्या संस्थांविषयीही एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. विद्यार्थी म्हणजे फुकटचे कारकून, असे मानून त्यांच्याकडून रजिस्टरे भरून घेणाऱ्या, हात धुण्याच्या दिनाला त्यांना गाणी म्हणावयास लावणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. आणि लॉगबुकात सह्या पुऱ्या भरल्या की समाधान पावणारी महाविद्यालयेही पाहिली आहेत. माझी अध्यापकवर्गास विनंती इतकीच की, प्रत्येक विद्यार्थ्याला एक तरी काम संपूर्ण सोपवावे, त्याचा हजार-दोन हजारांचा जमाखर्च त्याच्याच हाती द्यावा, आणि आठवड्यातून एक तास त्याच्याशी निवांत बसावे.

ती विद्यार्थिनी आता एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. तिच्याकडे दोन विद्यार्थी आले आहेत, आणि त्यांनी मातांची सभा ठेवली आहे, सकाळी अकरा वाजता. "बाई, मी काहीच बोलले नाही," ती म्हणाली, "पण फार जड जातंय हो."

मला हसू आवरेना. मी तिला विचारले, शेळ्या किती आहेत गावात?

आता त्या पेटीतल्या चिठ्ठ्या निघू द्या. त्यांत माझ्याही नावाची एखादी असेल, तर ती आधी वाचा.