घरचा अन्नखर्च : वही आणि ताट

(हैदराबाद येथील मराठी वाचकांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



अनुवादकाने ग्रंथालयात बोलावयाचे ते साहित्याविषयी, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज स्वयंपाकघरातील हिशेबाविषयी बोलणार आहे. त्याचे कारण अनुवादाच्या कामातच सापडेल. गृहव्यवस्थापनावरील एका पुस्तकाचे भाषांतर करीत असताना ‘अन्नावर होणारा खर्च’ या अर्थाची एक संज्ञा वारंवार येत होती. तिच्यासाठी मी ‘किराणा’ हा शब्द योजला आणि पुढे गेले. दोन पानांनंतर माझे मलाच अडखळल्यासारखे झाले. किराणा म्हणजे महिन्याकाठी वाण्याकडून येणारे धान्य, डाळी, तेल, साखर, मसाले. त्यात दूध येत नाही, भाजी येत नाही, फळे येत नाहीत. मुलांचे खाऊचे पैसे आणि उपाहारगृहातील जेवण तर नाहीच नाही. शब्द चुकला होता, तो मी दुरुस्त केला. परंतु आमच्या घरचा हिशेबही वर्षानुवर्षे याच चुकीच्या शब्दावर उभा आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. किराण्याची यादी जपून ठेवायची आणि अन्नखर्च आटोक्यात आहे असे समाधान मानायचे, असा आमचा क्रम होता.

या विषयाचा शास्त्रीय विचार जुना आहे. सॅक्सनी राज्याच्या सांख्यिकी कार्यालयाचे प्रमुख अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ साली बेल्जियममधील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चावरून एक नियम मांडला. कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा, असा तो नियम. आपल्या देशातील आकडे त्याला पुष्टी देतात. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या दर शंभर रुपयांपैकी सुमारे ५९ आणि शहरी कुटुंबाच्या सुमारे ४८ रुपये अन्नावर खर्च होत. २०२२-२३ च्या पाहणीत हे प्रमाण अनुक्रमे सुमारे ४६ आणि ३९ रुपयांवर आले.

तथापि याच आकड्यांच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे. २०२२-२३ मध्ये शहरी कुटुंबाच्या शंभर रुपयांतील चार रुपयांहूनही कमी रक्कम तृणधान्यांवर खर्च झाली. पेये, तयार पदार्थ आणि विकतचे शिजलेले अन्न यांवर मात्र दहा रुपयांहून अधिक गेले. सुमारे दोन तपांपूर्वी स्थिती नेमकी उलट होती. तांदळाच्या किलोमागे दोन रुपये वाचावेत म्हणून आपण चार दुकाने हिंडतो. शहरी घराच्या खर्चात तांदळाचे स्थान आता लहान आहे. पैसा जातो तो दुसऱ्याच दाराने, आणि त्या दाराशी आपण वही घेऊन बसत नाही.

आता मी माझ्या घरची हकीकत सांगते. काही वर्षांपूर्वी आमची मिळकत एकाएकी घटली. मी खर्चाला कात्री लावली आणि महिन्याअखेर वहीतील बेरीज जमली, याचा मला अभिमानही वाटला. पुढे अशक्तपणा आला म्हणून रक्त तपासून घेतले, तेव्हा हिमोग्लोबिन बरेच खाली गेल्याचे आढळले. ‘आहारात काय काय असते?’ या डॉक्टरांच्या साध्या प्रश्नाला मला नीट उत्तर देता येईना. मुलांचे दूध चालू होते, यजमानांच्या डब्यात उसळ होती. माझे दूध बंद झाले होते, आणि सर्वांचे जेवण झाल्यावर भांड्याच्या तळाशी जे वरण उरे, ते भातावर घेऊन मी उठत असे. हे कोणी माझ्यावर लादले नव्हते. वहीत मात्र ते कोठेच दिसत नव्हते. हिशेब बरोबर होता; ताट चुकले होते.

अशा स्त्रिया अनेक आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात आणि सगळा दोष ताटावर टाकता येणार नाही. परंतु घरातील काटकसर कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न या आकड्यांनी उभा राहतो.

याच शहरात, तार्नाका भागात, राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात म्हटले आहे की, तृणधान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावी. पैसे कमी पडले की आपण याच्या उलट वागतो. भात वाढतो, वरण पातळ होते, फळ दिसेनासे होते. म्हणून अंदाजपत्रकाची सुरुवात रुपयांपासून न करता ताटापासून करावी, असे मी सुचवीन. प्रत्येकाच्या ताटात डाळ, भाजी आणि दूध किंवा अंडे किती हवे, ते आधी ठरवावे. त्याची रक्कम प्रथम बाजूला काढावी आणि मग उरलेल्या पैशांत बाकीचे बसवावे.

काही ठिकाणी मोजमापच बचत घडविते. संस्थेच्या दोन हजार किलोकॅलरींच्या नमुना आहारात दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. चार माणसांच्या घराला तीस दिवसांसाठी हे सव्वातीन किलो, म्हणजे लिटरच्या सुमारे साडेतीन पिशव्या होतात. आपल्या घरी किती पिशव्या लागतात, ते मोजून पाहावे. पाकिटबंद मालावर आता दर ग्रॅमची किंवा किलोची किंमतही छापलेली असते. मोठे पाकीट नेहमीच स्वस्त असते हा समज ती वाचल्यावर पुष्कळदा गळून पडतो. भाजीसाठी १९९९ मध्ये सुरू झालेले येथील रैतू बाजार आहेतच.

बाहेरच्या खाण्याविषयी मी कठोर बोलणार नाही. कामावर दिवस घालविणाऱ्या माणसाचे दुपारचे जेवण ही चैन नव्हे. येथील महानगरपालिकेने २०१४ मध्ये पाच रुपयांत जेवण देण्याची योजना सुरू केली, ती याच गरजेपोटी. गरजेचे खाणे आणि हौसेचे खाणे यांचे रकाने मात्र वेगळे असावेत. हौसेसाठी महिन्याची रक्कम सर्वांनी मिळून ठरवावी. सहकुटुंब बिर्याणी खाण्याचा आनंद तिच्यातून खुशाल घ्यावा. कर, घरपोच आणण्याचा आकार, वेष्टनाचे पैसे हे सारे त्याच रकान्यात लिहावे. उपाहारगृहाने सेवा शुल्क परस्पर बिलात धरू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे, हेही लक्षात असू द्यावे.

शेवटची सूचना पैशांची नाही. आमच्या घरी आता वही स्वयंपाकघरात टांगलेली असते, ती कोणीही उघडू शकतो, आणि खर्च कमी करावयाचा झाल्यास काय कमी करावयाचे ते सर्वजण मिळून ठरवितात. आमची पंगतही एकच असते. वाढणारी व्यक्ती आपले पान वाढून घेतल्यावरच भांड्यात काय उरले ते पाहते. एवढ्याने मिळकत वाढली नाही. पण माझे दूध पुन्हा सुरू झाले.

त्या अनुवादात मी अखेर ‘किराणा’ खोडून ‘अन्नखर्च’ असे लिहिले. आपण आज घरी गेल्यावर आपल्या वहीवर कोणता शब्द आहे तो पाहावा, आणि रात्री पाने वाढल्यावर सर्वांत शेवटचे पानही एकदा पाहावे, एवढीच विनंती.