पाण्याबरोबर निचराही मागा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आपण कोरडवाहू कापूस-ज्वारीवाले. "आपल्याकडं कोल्हापूरसारखं पाणी असतं तर!" असं आपल्या बैठकीत हमखास कुणीतरी म्हणतं. म्हणून आज कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडची गोष्ट सांगतो.

कुरुंदवाड हे शिरोळ तालुक्यातलं, पंचगंगेच्या काठचं छोटं शहर. पूर्वी पटवर्धनांचं संस्थान होतं. घाटावर संताजी घोरपड्यांची समाधी आहे. पलीकडं नृसिंहवाडी, तिथं पंचगंगा कृष्णेला मिळते. दोन नद्यांचं पाणी आणि खोल काळी जमीन! आणखी काय हवं?

उपसा योजनांनी पाणी शिवारात आलं. ऊस आला, कारखाने आले, हाती पैसा आला. हे खोटं नाही. पण पाटानं मोकाट सोडलेल्या पाण्याला काळ्या चिकण मातीतून लवकर वाट मिळत नाही. ते खाली साचतं. भूजल वर चढतं, सोबत क्षार आणतं. उन्हानं पाणी उडून जातं, क्षार मुळाशी राहतो. शिरोळ तालुक्यात हजारो एकर जमीन अशी क्षारपड झाली. त्यातच २००५, २०१९ आणि २०२१ साली महापुराचं पाणी या सपाट शिवारावर चढलं.

आता गंमत बघा. मातीची क्षारता १.७ डेसिसायमनच्या वर गेली की उसाचं उत्पन्न घटू लागतं. ज्वारी ६.८ पर्यंत टिकते, कापूस ७.७ पर्यंत. म्हणजे ज्या पिकासाठी पाणी आणलं, तेच पहिलं बसतं. आणि कापूस क्षार सोसतो म्हणून निर्धास्त राहू नका. मुळाशी साचलेलं पाणी तो सोसत नाही.

मग शेतकऱ्यानं ऊसच का लावला? तो अडाणी म्हणून नव्हे. उसाचा किमान दर कायद्यानं बांधलेला आहे. ज्वारीचा हमीभाव मात्र जाहीर होतो आणि बाजारात माल त्याखाली जातो. ज्वारीला भाव द्या, शेतकरी आपणहून पाणी राखेल.

बिघडलेली जमीन सुधारते. शिरोळच्या दत्त सहकारी साखर कारखान्यानं शेतकऱ्यांना एकत्र आणून जमिनीखाली छिद्रांचे पाइप घालायचं काम हाती घेतलं. पडीक रानं पुन्हा पिकाखाली आली. पण हे काम एकट्यादुकट्याचं नाही. माझ्या रानातलं पाणी ओढ्यापर्यंत तुमच्या बांधावरूनच जाणार. खर्चही मोठा. चोपण जमिनीला जिप्सम लागतं, पण निचरा नसेल तर जिप्समची पोती वाया गेली म्हणून समजा.

आपली जमीनही काळीच आहे. तेव्हा पाणी मागू, जोरानं मागू. तो आपला हक्क आहे. पण सोबत तीन गोष्टी मागू. पाण्याच्या प्रत्येक योजनेच्या अंदाजपत्रकात निचऱ्याचा खर्च धरा. पाणी सोडण्याआधी गावोगाव माती तपासा आणि विहिरींची पातळी मोजा. ओढे-नाल्यांवरची अतिक्रमणं काढून वाट मोकळी करा.

गावी गेलात की आपल्या शिवाराचं पाणी कुठून बाहेर पडतं, ते चार जणांनी मिळून बघून या. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावानं त्याचा कच्चा नकाशा आणावा. मागणीचं निवेदन त्यावरूनच लिहू.